कॅसेट अपडेट: राहिलेल्या ३७ फायलींचा छडा लागला

आजोबांच्या प्रवचनांच्या कॅसेटवरून केलेल्या ४१२ फ्लॅक फायली (दर्जा न घटवता आवाज साठवणारं स्वरूप) जुन्या एनटीएफएस डिस्कवरून (फायली मांडायची विंडोजची पद्धत) सर्व्हरच्या ईएक्सटी४ वर (तशीच लिनक्सची पद्धत) आणतोय. मागच्या वेळी छळणारं यूएसबी एन्क्लोजर (डिस्कची बाहेरची पेटी) काढून डिस्क थेट साटाला (मदरबोर्डवरची डिस्कची जोडणी) लावली, त्यानंतर कॉपी एकदाही तुटली नाही. तरी आरसिंक (कॉपी करणारा प्रोग्राम) कोड २३, म्हणजे ‘काही फायली राहिल्या’, देऊन थांबला. पोचल्या ३७५.

लॉगमध्ये ‘फाइल नेम टू लाँग (३६)’. विंडोजवर तर हीच नावं चालत होती! दोन संध्याकाळी यात गेल्या. नावाची मर्यादा दोन्हीकडे २५५ चीच, पण एनटीएफएस यूटीएफ-१६ ची एककं मोजतं (देवनागरीच्या एका चिन्हाला एक) आणि ईएक्सटी४ बाइट. लिनक्सवर नावं यूटीएफ-८ मध्ये असतात, आणि त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त सगळी वेगळी धरायची. ‘श्री’ दिसायला एक अक्षर, पण १२ बाइट. ‘ज्ञानेश्वरी’ ३३. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, आणि मी गाव, तिथी, अध्याय, ओवी सगळं नावातच कोंबलेलं. अशी नावं शोधताना फाइंडचं (फायली शोधणारी आज्ञा) आउटपुट ऑकला (ओळी तपासणारा प्रोग्राम) द्या, पण लोकेल (भाषेची सेटिंग) ‘सी’ ठेवूनच. नाहीतर जीऑक (ऑकचीच एक आवृत्ती) बाइटऐवजी चिन्हं मोजतो आणि एकही नाव सापडत नाही.

खरा धसका पुढेच. स्क्रिप्टमध्ये आरसिंक आणि आरएम (फायली पुसणारी आज्ञा) यांच्या मध्ये दोन अँपरसँडऐवजी (आधीचं जमलं तरच पुढचं चालव) अर्धविराम (काहीही झालं तरी पुढचं चालव) पडला होता. आरसिंक फसला तरी आरएम सुटलाच. डिस्क रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरती) माउंट होती म्हणून त्या ३७ फायली आज आहेत. एमव्हीसुद्धा (फाइल हलवणारी आज्ञा) दुसऱ्या फाइलसिस्टीमवर नेताना कॉपी करून मूळ पुसतो. मी तो वापरतच नाही.

नावं छाटायला सेडची (मजकूर बदलणारा प्रोग्राम) आज्ञा लिहीत होतो, तेवढ्यात सुचलं: पूर्ण नाव टायटल टॅगमध्ये घालायचं, फाइलला फक्त कॅसेट नंबर आणि बाजू. टॅग बदलला की शा-२५६ (अख्ख्या फाइलवरून काढलेला, पडताळणीचा आकडा) बदलणार, म्हणून आधी कॉपी, मग ताळा, मग टॅग. आणि हे लिहितानाच आठवलं, फ्लॅकच्या हेडरमध्ये नुसत्या आवाजाचा एमडी५ (तसाच पडताळणीचा आकडा) असतोच की! टॅगमुळे तो हलत नाही. ‘फ्लॅक -टी’ सगळा आवाज उलगडून त्याच्याशी पडताळतो. आता कायमचा ताळा तोच, शा-२५६ कॉपीपुरता.

लगेच १४-ब (कॅसेट १४, बाजू ब) वर करून पाहिलं: ओके. मग हेडफोन लावून ऐकलंही. ओवीच्या मध्येच कुणीतरी आजोबांपुढे पाण्याचं भांडं ठेवतं, तो आवाज जागच्या जागी आहे.

उरलेल्या ३६ उद्या रात्री.