वापरायची वाकळ

वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची हातानं शिवलेली गोधडी, फार सुंदर झालीय असं कुणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. सुंदर ठरलेली वाकळ घडी होऊन कपाटात जाते आणि डांबरगोळ्यांच्या वासात वर्षं काढते. पाहुणे आले की ‘हातानं शिवलीय हं सगळी’ म्हणून दाखवायला बाहेर निघते. रात्री पाहुण्यांच्या अंगावर मात्र बाजारातलं फुलाफुलांचं ब्लँकेट पडतं. टिळकवाडीतल्या एका मैत्रिणीनं तर मी दिलेली वाकळ हॉलच्या भिंतीवर टांगली. भिंतीखाली सोफा आणि सोफ्यावर शाल गुंडाळून बसलेली तिची सासू. जुलैतली बेळगावची झड, खिडकीतून गार वारं येतंय, आणि ऊब भिंतीवर. मी चहा प्याले आणि घरी आले.

तेव्हापासून देण्यासाठी शिवायची ती वाकळ मी जाणूनबुजून साधी ठेवते. टाका पक्का, कडा नीट दुमडलेल्या, पण जमिनीवर अंथरायला, तिच्यावर बसून शेंगा फोडायला, तान्ह्या पोराला उताणं टाकायला कुणाचा जीव कचरू नये, इतपतच रूप. रंग मळखाऊ. आरसे, टिकल्या, भरतकाम असलं काही नाही. एखादा लाल काठ निघाला तर तो कडेला जातो, तेवढीच हौस.

साधी वाकळ शिवायची तर आधी कापड धड लागतं, आणि आता तेच मिळत नाही. आमच्या आज्यांना ही अडचण नव्हती. घरात नऊवारी सुती लुगडी असत, नेसून-धुऊन पार मऊ झालेली. शहापूर, वडगाव, खासबागच्या मागांवर विणलेलं लुगडं आधी अंगावर फाटायचं, मग वाकळेत जायचं, आणि वाकळ फाटली की तिचं पायपुसणं व्हायचं. त्या गल्ल्यांतून आजही मागांचा खडखडाट ऐकू येतो, पण तो बहुतेक यंत्रमागांचा. आणि आमच्या कपाटांत साड्या आहेत त्या सिंथेटिक. ‘तुला वाकळेला साड्या आणल्यात’ म्हणत कुणी पिशवी पुढं केली की मी आधी पदर चुरगाळून बघते. लगेच सरळ झाला तर पिशवी परत. सिंथेटिक कापड घाम टिपत नाही, थरावर थर ठेवला की घसरतो, आणि सहा महिन्यांत आतल्या आत गोळा होऊन एका कोपऱ्यात जातो. जीन्सही नको. सुई मोडते, आणि वाकळ भिजली की दोन माणसांना उचलत नाही.

नव्या कापडावरही माझा विश्वास नाही. त्यात खळ असते, ते आटतं, रंग सोडतं. तळाला घ्यायचंच झालं तर आधी दोनदा धुऊन घ्यावं. मला तळाला हुदलीची खादी आवडते. स्वातंत्र्यसैनिक गंगाधरराव देशपांड्यांचं हे हुदली बेळगावपासून फार लांब नाही. १९३७ साली गांधीजी तिथं येऊन राहिले होते, आणि सूतकताई-विणकाम गावात आजही आहे. तिथली जाडसर खादी पहिल्या वर्षी थोडी टोचते, ही तक्रार खरी आहे. दुसऱ्या वर्षी कुणी तक्रार करत नाही.

वाकळ घालायची ती सुगी उरकल्यावर. पावसाळ्यात कापड सर्द असतं आणि आमच्याकडं पावसाळा लवकर आटपत नाही. खानापूर-कणकुंबीकडच्या लोकांना तर विचारायलाच नको. सोप्यातली जमीन झाडून तळाचं कापड अंथरायचं, चार कोपऱ्यांवर वरवंटा, जोंधळ्याचा डबा, हाताला येईल ते वजन ठेवायचं. मधे तीन-चार थर. भोक पडलेला भाग असेल तिथं ठिगळ. कच्चे टाके घालून सगळं एकदा धरून ठेवायचं आणि मग कडेपासून आत चौकोनी फेऱ्या घेत मध्यावर यायचं. प्रत्येक फेरीनंतर तळहातानं कापड आत सारत राहायचं, नाहीतर शेवटी मध्यावर फुगा येतो आणि तो कशानंही बसत नाही. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. पट्टी-खडू नको, बोटं कायम बरोबर असतात. दोरा ओढायचा तो इतकाच, की कापडाला बारीक सुरकुती पडावी. त्या सुरकुत्यांत हवा अडकते आणि ऊब येते. मशीनवर मारलेली वाकळ सपाट होते ती म्हणूनच. दिसायला झ्याक, अंगावर घेतली की पुठ्ठा.

शेजारच्या काकू मदतीला येतात. त्या घरात कन्नड बोलतात, माझ्याशी मराठी, आणि राग आला की दोन्ही. त्यांची कौदी आणि माझी वाकळ एकच, पण टाक्यावरून आमचं जमत नाही. मी ओळ जरा दाट घेतली की त्या सुई थांबवतात. ‘साकु गे, साकु!’ म्हणजे पुरे. ‘वाकळ घालालीस की चटई?’ कोपऱ्यांवर मात्र आमचं एकमत आहे. खानापूरच्या रानाकडं आणि पलीकडं हल्याळ-यल्लापुरात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका अशाच जुन्या कापडाच्या कवंद्या शिवतात. चारी कोपऱ्यांना त्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात. त्या फुलाचा पांघरायला काही उपयोग नाही, पण त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. काकूंनी ते कुठंतरी बघितलं आणि आता आमच्याही कोपऱ्यांना फुलं असतात. माझ्या साधेपणाच्या नियमात हे बसत नाही. तरी फूल राहतं, कारण काळोखात वाकळेची लांबी कुठली आणि रुंदी कुठली हे चाचपून कळत नाही. म्हणून लांबीच्या बाजूच्या दोन फुलांना मी मोठी घडी घालते.

वाकळ वापरात आहे की नाही हे कळतं नवरात्राच्या आधी. घट बसायच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघालं पाहिजे, हा आमच्याकडचा दंडक. पूर्वी बैलगाडीत घालून मार्कंडेय नदीवर न्यायचे, आता गच्चीवर टाकी आणि पायाखाली साबणाचा फेस. भिजलेली वाकळ एकट्यानं पिळताच येत नाही. एक टोक मी धरते, दुसरं वहिनी, आणि दोघी उलट्या दिशेनं पीळ देत जातो. मधे तिचा जाडजूड दोर होतो, पाणी आधी धारेनं आणि मग थेंबाथेंबानं पडतं. मनगटं भरून येतात आणि वर्षभर न बोललेलं काहीबाही तेव्हा बोललं जातं. गच्चीवरून गल्लीतल्या दांड्या दिसतात. माझी कुठली वाकळ विटलीय, कुठली कडेला उसवलीय, कुठल्या वाकळेवर मांजर व्यालीय, सगळं दिसतं. टिळकवाडीची वाकळ इथून दिसत नाही, हे बरंच आहे.

सगळ्यात जास्त मार खातात ती बाळाची दुपटी. आजीच्या जुन्या लुगड्याचे दोन-तीन थर, दाट टाका, बस्स. दिवसात चारदा भिजतात, चारदा वाळतात. बारशाला मी चांदीची वाटी देत नाही, दुपटी देते, तीही जोडीनं नाही, ढिगानं. मुलाच्या आयांना आधी जरा कमी वाटतं. महिन्याभरात फोन येतो, ‘अजून आहेत काय गे?’

सध्या भाच्यासाठी एक चालू आहे. बेंगळुरूला हॉस्टेलवर राहतो, तिथं थंडी आमच्यासारखीच, पण धुणं मशीनमध्ये. म्हणून थर कमी, टाका दाट, माप एका कॉटचं. तळाला त्याच्या आज्याचं धोतर घेतलंय. त्याची अट आहे, मित्र हसतात, तेव्हा आत्ती, लाल काठ आणि कोपऱ्याची फुलं तेवढी नकोत. काठ काढलाय. फुलांचं काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘बघूया की.’ दोन कोपऱ्यांची त्यांनी कालच लावून टाकली.