दोन दिवसांचं काय घेऊन बसलीस

रात्रीचे साडेअकरा. कूलरमध्ये आत्ताच दोन बादल्या पाणी ओतून आली. जून संपत आला तरी पाऊस नुसता येतो येतो करून राहिला. पुण्याच्या ताईची पोरं पंधरा जूनपासून शाळेत जातायत, आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे उद्या उघडणार. बॅग भरून झाली, बाटलीवर नाव लिहून झालं, झोप मात्र नाही.

कारण एक पिशवी. संध्याकाळी समोरच्या वहिनी आल्या, हातात साडीच्या दुकानाची ती जाड पिशवी, म्हणे "केजी टू ची सगळी आहेत गं, एकदम नवीनसारखी, मी स्वतः बसून खोडलीत". छकुलीची पुस्तकं. ती उद्यापासून पहिलीत, मोठ्या बिल्डिंगमध्ये, सातची व्हॅन. आमचा केजी टू, नऊची व्हॅन. मी थँक्यू म्हटलं, चहा टाकला, हसले पण. आणि त्या गेल्यावर किचनमध्ये उभी राहून उगाचच रडले.

आता यात रडण्यासारखं काय आहे? त्यांनी प्रेमानेच दिलं. पैसेही वाचले. पण आपल्या पोराच्या हातात त्याच्यापेक्षा चार दिवसांनी मोठ्या पोरीची वापरलेली पुस्तकं... चार दिवस हो, फक्त. ती 29 डिसेंबर, हा 2 जानेवारी. शाळाप्रवेशाला 31 डिसेंबरपर्यंत वय पूर्ण पाहिजे, संपलं. नर्सरीच्या वेळीच हे झालेलं, म्हणजे तीन वर्षं जुनी गोष्ट, तेव्हा मी एवढी नव्हते रडले. तेव्हा वाटलेलं बरंच झालं, अजून एक वर्ष घरी राहील. आता "पहिली" म्हटलं की काहीतरी होतं.

आणि खरं लिहायचं तर चार नाही, दोन दिवसच टोचतात. डॉक्टर मॅडमनी विचारलं होतं, सिझर 31 ला करायचं की 2 ला, दोन्ही दिवस चालतील. मी म्हटलं थर्टीफर्स्टला नको, सगळे पार्टीच्या मूडमध्ये असतील. कोरोनाचं वर्ष! कोणती पार्टी, कोण करणार होतं? नवरा बाहेर मास्क लावून एकटा बसलेला, आईला तर यायलाच मिळालं नाही, ते जाऊ दे.

त्यातली गंमत म्हणजे सरकारने तारीख वाढवली होती तीही त्याच वर्षी. सप्टेंबर 2020 मध्ये, 30 सप्टेंबरची 31 डिसेंबर केली, मला तेव्हा सहावा महिना चालू होता आणि मी गच्चीवर फेऱ्या मारत होते. पेपरात आलं असणारच. पोटात पोर असताना शाळाप्रवेशाची बातमी कोण वाचतं, पण वाचली असती तर 31 म्हटलं असतं ना. म्हणजे सरकारने तीन महिने पुढे सरकवलं आणि मी दोन दिवस अजून पुढे गेले.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "दोन दिवसांचं काय घेऊन बसलीस, केंद्रीय विद्यालयात टाकलं असतं तर दोघं एकाच वर्गात असते". ते खरंय, तिथे 31 मार्चला सहा पूर्ण लागतात, छकुलीही पुढच्याच वर्षी पहिलीत गेली असती. पण आपली कुठे बदलीची नोकरी. आणि मला हिशोब नव्हता पाहिजे, मला त्याने फक्त "हो गं" म्हणायला पाहिजे होतं. असो.

मग बाबांनी विचारलं, "काऊन वो बेटा, डोळे काऊन लाल दिसून राहिले?" मी म्हटलं कांदा. ते म्हणे वरणाले कांदा कधीपासून. सांगावंच लागलं. तर हसायलाच लागले. बाबांची जन्मतारीख 1 जून, आम्ही दरवर्षी केक कापतो आणि ते दरवर्षी सांगतात की हा माझा नाही, गुरुजीचा वाढदिवस आहे. "आमच्या मायले एवढंच ठाऊक का तान्हा पोळा होता. गुरुजीनं हात डोक्यावरून घ्यायले लावला, कानाले लागला तं घेतला शाळेत, अन् टाकली 1 जून. माह्या वर्गात अर्धे पोट्टे 1 जूनचेच." आणि त्याच खोट्या तारखेवर 31 मे ला रिटायर झाले, खऱ्या तारखेने अजून तीन महिने पगार मिळाला असता! हे मात्र ते अजूनही विसरलेले नाहीत, हसता हसता तिथे आवाज बदलतोच.

मी मनात म्हटलं, आमच्या वेळी असा एखादा गुरुजी असता तर. हात तर याचा कधीचाच कानाला लागतो. उंचीने छकुलीपेक्षा चांगला दोन बोटं जास्त आहे. पुढच्या जूनमध्ये जवळजवळ साडेसहाचा होईल, वर्गात सगळ्यात मोठा, सगळ्यात उंच, म्हणजे दरवर्षी शेवटचा बाक आणि स्नेहसंमेलनात झाड. हे एक नवीनच टेन्शन मी आत्ता लिहिता लिहिता शोधून काढलं.

पण सांगायचं ते वेगळंच. मी रडून बाहेर आले तर हा पिशवी उपसून गालिच्यावर पसरून बसलेला. मी आधीच तयारीत, की आता विचारणार, ही जुनी का, माझी नवीन का नाही. काय उत्तर द्यायचं तेही ठरवलेलं. तर याने गणिताचं पुस्तक लाइटसमोर तिरपं धरलं आणि कुजबुजत, म्हणजे बाबांना पण ऐकू जाईल असं कुजबुजत म्हणाला, "आई, इकडे ये, यात सगळी उत्तरं आहेत!"

वहिनींनी खोडलंय खरं, पण छकुली पेन्सिल दाबून लिहिते. कागदावर खळगे राहिलेत. बोट फिरवलं तर सात, नऊ, सगळं लागतं. एका ठिकाणी तिने सहा उलटा काढलाय तोही तसाच. हा त्या खळग्यांतून पेन्सिल फिरवून पान नंबर अकरापर्यंत पोचलासुद्धा, शाळा उघडायच्या आधी. उलटा सहाही त्याने उलटाच काढला.

झोपताना विचारलं, छकुली उद्या वेगळ्या व्हॅनने जाणार, चालेल ना? म्हणाला हो. मग बराच वेळ गप्प. मला वाटलं आता आलं ते.

"आई, पुढच्या वर्षी काकूंना सांग ना, पहिलीची खोडू नका म्हणून."