हमचा सूर

जुना अ‍ॅम्प्लिफायर चालू केला की गाण्याच्या आधी 'हम', म्हणजे खोल गुणगुण, सुरू होतो. कटकटच ती, पण सुरातली. आपली वीज ५० हर्ट्झची. एसीचं डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज रेक्टिफायर तिच्या दोन्ही अर्ध्या लहरी वापरतो, म्हणून ते डीसी सपाट करणारा फिल्टर कपॅसिटर सुकला की १०० हर्ट्झचा हम येतो: खर्जातली पांढरी पाच, किंचित चढी. ब्रिजमधला एखादा डायोड ओपन झाला किंवा इनपुटच्या वायरचं शील्ड (भोवतीचं जाळीचं आवरण) तुटलं, तर तोच सूर एक सप्तक खाली उतरतो, ५० वर. पेटीवर बोट ठेवून पाहिलं तरी निम्मं निदान होतं. उरलेलं व्हॉल्यूमचं बटण सांगतं. ते शून्यावर आणूनही हम तसाच राहिला, तर आधी पॉवर सप्लाय बघायचा.

पण कित्येक वर्षं माळ्यावर पडलेला सेट थेट प्लगला लावू नये. त्याच्या आधी सिरीज बोर्ड. फेजच्या वायरीत ६० वॅटचा बल्ब, मोठ्या सेटला १०० वॅटचा, आणि तोही तारेचा. एलईडी इथे कुचकामी, कारण सगळी मजा तापून रोध वाढवणाऱ्या तारेतच आहे. स्पीकर काढून ठेवायचे आणि स्विच दाबायचा. बल्ब क्षणभर लखकन पेटून मंद झाला, तर कपॅसिटर भरले, मोठा शॉर्ट नाही. पेटूनच राहिला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या (सर्किटकडच्या गुंडाळीच्या) वायरी सोडवायच्या. तरीही लख्ख पेटतोय? ट्रान्सफॉर्मरच गेला, आणि खिशाला खरी चाट तिथेच. मंद झाला तर ब्रिज, कपॅसिटर, आउटपुट ट्रान्झिस्टर असं एकेक तपासत पुढे जायचं. २एन३०५५ सारख्या धातूच्या टोपीवाल्या ट्रान्झिस्टरची टोपी म्हणजेच कलेक्टर, त्याच्या तीन टोकांपैकी एक. तिच्याखालचा अभ्रकाचा पातळ वॉशर फुटला की ती चासीला (सेटच्या धातूच्या सांगाड्याला) टेकते, आणि शॉर्ट समजून चांगला ट्रान्झिस्टर उगाच बदलला जातो.

बल्ब अजिबातच पेटला नाही तर फ्यूज, स्विच आणि ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (मेन्सकडची गुंडाळी) तपासायची.

बल्ब काढून सेट थेट प्लगला लावल्यावर व्होल्टेज मोजायचं; बल्ब असताना ते कमीच दिसतं. २५-०-२५ च्या (मधल्या टोकापासून दोन्हीकडे २५ व्होल्ट एसी देणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरवर प्लस आणि मायनस दोन्ही बाजूंना साधारण ३४ व्होल्ट डीसी यायला हवं. एकीकडे ३४ आणि दुसरीकडे २८ असेल, तर त्या बाजूचा कपॅसिटर किंवा डायोड संशयित. हात लावण्याआधी प्लग काढून १०० ओहम, १० वॅटच्या रेझिस्टरने कपॅसिटर रिकामे करायचे. ४७०० मायक्रोफॅरडला दोन-तीन सेकंद पुरतात. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी उडवणं हे शौर्य नाही, टर्मिनल जाळणं आहे.

नवा कपॅसिटर व्होल्टेजला जुन्याइतका किंवा जास्त घ्यावा, ५० चा असेल तर ६३ चा चालतो. मायक्रोफॅरड मात्र तिप्पट-चौपट करू नयेत. चालू करतानाचा झटका डायोड आणि फ्यूजला सोसत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात 'यापेक्षा मोठा घ्या' म्हणणारे भेटतीलच, त्यांना नमस्कार करावा. सगळ्यात जास्त हात चुकतो तो मायनस लाइनच्या कपॅसिटरवर. त्याचा प्लस पाय ग्राउंडला जातो, आणि सवयीने तो उलटा बसतो. मग फुगतो, फुसकन फुटतो, आणि मासळी कुजल्यासारखा वास दोन दिवस खोलीत.

सगळं जमलं की स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजायचं. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर स्पीकर जोडायला हरकत नाही. तरी पहिल्यांदा भंगारातला.