सिंगापूर ते न्यूयॉर्क, मध्ये कुठेही न थांबता

सिंगापूर आणि न्यूयॉर्क यांच्यातलं सरळ हवाई अंतर साधारण १५,३५० किलोमीटर. रेखांशांतला फरक जवळजवळ १७८ अंश, त्यामुळे पृथ्वीगोलावर दोरा ताणला तर तो उत्तर ध्रुवाजवळून जातो. आमचं विमान मात्र तिकडे फिरकलं नाही. ईशान्येला वळून जपानच्या बाजूने त्याने पॅसिफिक ओलांडला. कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह हिवाळ्यात ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. तो पाठीशी असला की लांबचा रस्ता कमी वेळात कापला जातो. समोरच्या पडद्यावर वेगाचा आकडा हजाराच्या पुढे सरकताना पाहणं मला या प्रवासात सर्वांत जास्त आवडलं.

पण रस्ता असा लांबचा, म्हणून सरळ अंतराला ताशी नऊशेने भागून सतरा तास धरू नका. वेळापत्रकात पावणेएकोणीस तासांच्या आसपास असतात. प्रत्यक्ष हवेतला वेळ वाऱ्याप्रमाणे रोज बदलतो, तेव्हा पुढचं तिकीट छापील वेळ धरूनच काढा, आणि मध्ये भरपूर फट ठेवा.

या मार्गासाठी एअरबसने ए३५०-९०० यूएलआर (अल्ट्रा लाँग रेंज, म्हणजे अतिलांब पल्ल्याचं) हे विमान तयार केलं. त्यात १,६५,००० लिटर इंधन मावतं. सिंगापूर एअरलाइन्सने त्यात १६१च जागा ठेवल्या आहेत. साधी इकॉनॉमी नाहीच, बिझनेस आणि प्रीमियम इकॉनॉमी एवढंच. प्रीमियममध्ये शेवटच्या काही ओळींत खिडकीशी एकेकटी सीट असते. एकटे जात असाल तर तीच मिळवा. शेजाऱ्याला न उठवता हवं तेव्हा उठता येतं, आणि एवढ्या वेळात दर दीड-दोन तासांनी चालणं पायांसाठी फार गरजेचं आहे.

झोपेचं गणित आधीच करून ठेवा. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी वेळ असते तेव्हा फरक बरोबर बारा तासांचा, हिवाळ्यात तेराचा. दुपारच्या विमानाने निघालात तर त्याच तारखेच्या संध्याकाळी पोहोचता, पण शरीराच्या लेखी ती सकाळ असते. माझा सल्ला असा: पहिलं जेवण झालं की डोळ्यांवर पट्टी बांधून आडवे व्हा, आणि शेवटचे पाच-सहा तास काही झालं तरी जागे राहा. मग पोहोचल्यावर रात्री झोप लागते. पाणी मागून मागून प्या, केबिनची हवा फार कोरडी असते.

केनेडी विमानतळावरून एअरट्रेनने जमैका स्टेशन गाठलं की पुढे सबवे, म्हणजे तिथली मेट्रो, मिळते.

परतीचं हॉटेल ठरवताना तारीख नीट बघा. सोमवारी रात्री न्यूयॉर्कहून निघालेलं विमान सिंगापूरला बुधवारी पहाटे उतरतं, मंगळवारची खोली घेऊ नका.