घरात एवढी माणसं असताना

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. विचारणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. नणंदेनं विचारून झालं, शाळेच्या गेटवर थांबणाऱ्या दोघीतिघींनी विचारून झालं, परवा इथं सोलापुरात नवी पेठेत ब्लाउजपीस बघता बघता लांबच्या एका वहिनींनीही विचारलं. "घरात एवढी माणसं आहेत, गावात डॉक्टर आहेत, तरी पोरीचं सगळं मोबाईलवरच्या त्या बायकांना काय विचारत बसतेस गं?" 'त्या' वर जोर देऊन.

लेकीला टाइप वन मधुमेह आहे, दिवसाला इन्सुलिनच्या चार सुया लागतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिची साखर गोड खाऊन वाढलेली नाही आणि मी गरोदरपणी खाल्लेल्या पेढ्यांचाही त्यात काही हात नाही, हे मात्र पुन्हा सांगते, कारण ते कुणाच्या डोक्यात राहत नाही. तिच्याच शरीराच्या प्रतिकारशक्तीनं स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्या. झालं ते एवढंच. आणि 'त्या' बायका म्हणजे अशाच मुलांच्या आया, मोबाईलवरच्या एका ग्रुपमधल्या.

तर, का विचारते? पहिलं कारण अगदी साधं आहे. कडक भाकरी. जेवणात कार्बोहायड्रेट किती ते बघून सुई ठरते. मला मिळालेल्या कागदावर चपाती होती, ब्रेड होता, इडली होती, पण आमच्या घरात दोन्ही वेळा जी खाल्ली जाते ती ज्वारीची कडक भाकरी त्यात नव्हती. पापडासारखी पातळ, वाळवलेली, कधी अख्खी तर कधी चुरून आमटीत. ती मोजायची कशी? डॉक्टर चांगले आहेत, पण भाकरी त्यांनी थापलेली नाही. विजापूरकडच्या एका बाईनं सांगितलं, भाकरी मोजू नका, पीठ मोजा. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात 70 ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट धरा, एवढ्या पिठाच्या किती भाकऱ्या झाल्या ते बघा आणि भागाकार करा. शेंगाचटणीची फार काळजी नको, हुरड्याची मात्र करा. दुसऱ्या दिवशी मी वजनकाटा आणला.

मे महिन्याचंही तसंच. इथं पारा 43-44 ला जातो, आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. सासऱ्यांनी एकदा मायेनं इन्सुलिनची बाटली फ्रीजरमध्ये सरकवली, जास्त गार राहील म्हणून. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं, ते टाकूनच द्यावं लागतं. त्यांना बोलणार काय? 'तिथं' कुणीतरी दोन मडक्यांची युक्ती सांगितली. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधल्या फटीत ओली वाळू, वरून ओलं फडकं. आपल्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि आत चांगलाच गारवा राहतो. ही आमच्या आज्यांचीच विद्या, पण आमच्या घरात कुणाला आठवली नव्हती.

हे सांगितलं की विचारणाऱ्या मान डोलावतात. पण खरं कारण हे नाही, आणि ते सांगताना मलाही जड जातं.

निदान झालं त्याच आठवड्यात घरात ठरलं की बाहेर बोलायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "पोरीची जात आहे. उद्या लग्न जमवायचंय." लेक तेव्हा पहिलीत होती! हे गप्प बसले, मीही बसले. म्हणजे बघा, जी ओळखीची माणसं आहेत त्यांना सांगायचं नाही आणि ज्यांना सांगू शकते ती अनोळखी. वर तुम्हीच विचारणार, अनोळखी का?

पण अशी गोष्ट पूर्ण लपतही नाही. अर्धी फुटते. नातेवाइकांत एवढंच पसरलं की "पोरीला शुगर आहे." त्या अर्धवटपणानं काय केलं ते सांगते.

ह्यांच्या चुलत घरातलं लग्न होतं, होटगी रोडच्या बाजूला एका मंगल कार्यालयात. अक्षता पडल्या, पंगत बसली, पानं मांडली, मीठ-चटणी वाढून झाली, म्हणून मी खोलीत नेऊन लेकीला सुई दिली. बाहेर येते तो पंगत उठवलेली. कुणी पाहुणे आले होते, आधी त्यांचे सत्कार. शाल, नारळ, माइकवर नावं. तरी मी तिला दोन बिस्किटं दिली. सकाळपासून वरातीत नाचून नाचून पोर दमलेली. सत्कार संपेनात. मग ती मांडीवर येऊन पडली आणि कुरकुरायला लागली, "मला घरी जायचंय." आवाज तिचा नव्हता. कपाळाला हात लावला तर गार घाम, ओठ पांढरे. बोटाला टोचलं, मशीनवर रक्तातली साखर 48. सुई आत गेलेली, जेवण नाही, म्हणून उतरलेली. 70 च्या खाली गेलं की लगेच साखर द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, हे मी झोपेतही म्हणून दाखवीन. पर्समधली ग्लुकोजची पुडी पाण्याच्या बाटलीत टाकली, हलवली, तिच्या तोंडाला लावली.

तेवढ्यात चुलत सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "अगं अगं! शुगरवाल्या पोरीला साखर पाजतेस? आई आहेस का कोण आहेस?" बाटली कलंडली, निम्मं पाणी माझ्या इरकलीवर. मी सांगत होते, कमी झालीय, वाढली नाहीये, कमी झालीय. ऐकतंय कोण? भोवती बायका जमल्या. एक म्हणाली लिंबू चोखवा, एक म्हणाली कांदा आणा, एकीनं पदरानं वारा घालायला सुरुवात केली. सगळ्या मायेनंच, बरं का. एकीच्याही मनात वाईट नव्हतं. आणि माझं मनगट काही सुटत नव्हतं. लेकीचे डोळे उघडे होते, पण ती माझ्याकडे बघत नव्हती.

मनगट सोडवलं ते माझ्या सासूबाईंनी. खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत आल्या आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात जावेला म्हणाल्या, "सोड तिला. तिला सगळं कळतं. पोरीची साखर उतरलीय, आत्ता नाही दिली तर फिट येईल." बाटलीतलं उरलेलं पाणी त्यांनीच घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी 66. पुन्हा ग्लुकोज. मग 92, मग वरणभात.

इथं गोष्ट गोड झाली असं वाटत असेल तर थांबा. घरी आल्यावर सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरला. चार लोकांत बोलावं लागलं म्हणून. आणि भावकीत आजही जी गोष्ट सांगितली जाते तिच्यात मी पोरीला साखर चारताना पकडली गेले आहे.

त्या रात्री मी ग्रुपवर सगळं लिहिलं, भडाभडा. लातूरच्या एकीनं लिहिलं, माझ्या सासऱ्यांनी मुलाच्या तोंडातली गोड गोळी बोट घालून काढली होती. आणि एकीनं फक्त विचारलं, "आता किती आहे?" त्या दिवशी हॉलमध्ये, घरी येताना रिक्षात, घरात, कुणीही मला तो आकडा विचारला नव्हता. 114 आहे, मी लिहिलं. ती म्हणाली, तीनला उठून एकदा बघा, मी पण उठणारच आहे.

आता कुणी म्हणेल, म्हणजे तिथं सगळं गोडच आहे का? अजिबात नाही. पूर्वी मीच म्हणायचे, घरातलं मोबाईलवर मांडणाऱ्या बायकांना कामं नसतात. त्या जुन्या मला मी अजून पूर्ण गप्प करू शकलेले नाही. तिथंही चढाओढ असते, कुणाच्या मुलाच्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी किती, आमची किती. वाचून रात्र खराब होते. कारल्याच्या पावडरवाले घुसतात, "इन्सुलिन बंद होईल, गॅरंटी." राग येतो तो याचा. 1922 च्या जानेवारीत टोरांटोला 14 वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी काढे, पथ्यं, अगदी पोरांना उपाशी ठेवणं, सगळं करून झालं होतं. तरी ही मुलं जगत नव्हती. पावडरवाल्याला यातलं काय ठाऊक? माझा नियम साधा आहे: डोस डॉक्टरांना, भाकरी बायकांना.

पण दुसरा एक सवाल आहे, आणि तो तुमच्यापैकी कुणी विचारलेला नाही. लेक आता मोठी झालीय, माझा फोन वाचते. एकदा म्हणाली, "मी शाळेत रडले ते तू त्यांना का सांगितलंस? मी तुला सांगितलं होतं." मी म्हटलं, मदत मिळते. ती म्हणाली, "तुला मिळते." आता आकडे लिहिते, तिचं रडणं लिहीत नाही. बहुतेक वेळा.

सासूबाईंचं म्हणाल तर अबोला कधीच संपला. पहाटेचं मशीन आता त्याच लावतात, चष्मा पुसून. पण बाहेर बोलायचं नाही हे अजून कायम आहे.

आणि परवा त्याच चुलत घरातून दुसऱ्या लग्नाची पत्रिका आली. पुन्हा मे, पुन्हा मंगल कार्यालय. मी म्हणते, आधी फोन करून चुलत सासूबाईंना नीट समजावून सांगू. हे म्हणतात, कशाला, आपण डबा नेऊ आणि लवकर निघू. सासूबाई म्हणतात, पोरीला घरीच ठेवू, मी थांबते. लेक म्हणते, मला वरातीत नाचायचंय. ग्रुपवर विचारलं, तर तिथंही निम्म्या एक म्हणतात आणि निम्म्या दुसरं.