पलीकडचा काठ दिसेपर्यंत

मी मूळचा बार्शीचा. पाऊस मला शिकवला तो नोकरीने, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर. इथे मी भाड्याच्या मोटरहोम चालवतो. म्हणजे ज्यांना सात मीटरचं घर स्वतः हाकायचं नसतं, त्यांच्यासोबत चालक म्हणून जातो. पश्चिम किनाऱ्याचा 6 क्रमांकाचा महामार्ग माझा नेहमीचा. एका बाजूला टास्मान समुद्र, दुसऱ्या बाजूला दक्षिण आल्प्स. समुद्रावरून आलेले ढग या डोंगरांना अडतात आणि सगळं पाणी इथेच रितं करतात.

नोव्हेंबर 2019 मधला तो दिवस. गाडीत ऑकलंडला राहणारं एक जोडपं, त्यांची सहा वर्षांची मुलगी आणि नवऱ्याचे महाडहून आलेले आई-वडील, ज्यांना मी काका-काकू म्हणायचो. काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. पहिल्या दिवसापासून ते माझ्या शेजारच्या सीटवर बसले, आणि त्यांना तिथून उठवायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

फ्रान्झ जोसेफहून निघायला अकरा वाजले. रात्रभर छपरावर ताशा वाजत होता. मी भिजत विजेची केबल काढून गुंडाळली, गॅसचा कॉक बंद केला, कप्प्यांच्या कड्या लावल्या. एक कडी राहिली तरी पहिल्या वळणाला डबे खाली येतात. ओले कपडे काकूंनी न्हाणीत टांगले होते. काचा आतून धुरकटलेल्या.

गाव संपलं की लगेच वाइहो नदी. हिमनदीतून येणारं तिचं पाणी राखाडी, सिमेंट कालवल्यासारखं. डोंगरातून येणाऱ्या दगडगोट्यांनी तिचं पात्र वर्षानुवर्षं वर येत चाललंय. पूल लोखंडी सांगाड्याचा, बेली पद्धतीचा म्हणजे तयार भाग जोडून उभा केलेला, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा.

"बाजूला घे जरा," काका म्हणाले.

मी घेतली. ते रेनकोट घालून उतरले, मीही गेलो. पाण्याखाली धोंडे एकमेकांवर आपटत होते, तो आवाज पायांपर्यंत जाणवत होता.

"कधीचा पूल?"

"याच वर्षीचा, काका. आधीचा 26 मार्चला वाहून गेला. हा अठरा दिवसांत उभा केला, लष्कराची मदत घेऊन."

मार्चच्या त्या पावसात क्रॉप धबधब्याजवळच्या केंद्रावर 48 तासांत 1086 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. या देशातला तो विक्रम. काकांना आकडा सांगितला तर म्हणाले, "आमच्याकडे अख्खा जुलै सरतो तेव्हा कुठे एवढा होतो."

मला वाटलं, ते आता परत फिरू म्हणतील. मुलाचं दुसऱ्या दिवशी क्वीन्सटाउनहून विमान होतं, तो मागून अस्वस्थ होऊन पाहत होता. काकांनी पुलाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या, नारिंगी जॅकेट घातलेल्या रस्त्याच्या माणसाकडे बोट केलं. "तो पाण्यावर लक्ष ठेवून आहे. उजेड आहे. पलीकडचा काठ दिसतोय. चल." मी त्या माणसाला विचारलं, त्याने हात हलवून जायला सांगितलं. गेलो.

पुढच्या फॉक्स गावापर्यंत 24 किलोमीटर नुसती घाटवळणं. उंच गाडी वाऱ्याने अशी ढकलली जाते की स्टीअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरावं लागतं. फॉक्स सोडलं आणि मोबाइल मुका झाला. पुढे दरड आली होती, ती काढेपर्यंत साडेचार तास उभे. हे घर सोबत असतं त्याचं खरं मोल अशा वेळी कळतं. काकूंनी पिठलं-भात केला, पोरगी वरच्या पलंगावर झोपली. ब्रूस बेला समुद्र थेट रस्त्याला भिडतो. एरवी मी तिथे हमखास थांबतो, पण त्या दिवशी नुसता पांढरा फेस दिसत होता.

हास्ट नदीच्या पुलापाशी पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. हा पूल 732 मीटरचा, देशातला सर्वांत लांब एकपदरी पूल, मध्ये गाड्या बाजूला घ्यायला दोन जागा. पूल भक्कम आहे, मी तो कितीतरी वेळा ओलांडलाय. पण पावसाचा पडदा असा पडला होता की हेडलाइटमध्ये जेमतेम पन्नास मीटर दिसत होते.

काकांचा हात डॅशबोर्डवर आला. "नको."

मुलगा म्हणाला, "बाबा, मुक्काम पलीकडेच आहे."

काका काही बोलले नाहीत. मी पुलाआधीच्या मोकळ्या जागेत गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. काकूंनी न विचारता चहा ठेवला.

मग ते बोलले. सावित्रीवरचा तो जुना दगडी पूल, मुंबई-गोवा रस्त्यावरचा, इंग्रजांच्या काळातला. नोकरीत असताना त्यांनी तो हजारदा ओलांडला होता. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात तो गेला. दोन एसट्या त्यावरून खाली गेल्या. तेव्हा काका निवृत्त होऊन घरी होते. "पहाटे नदीवर गेलो. सगळं गाव तिथे. मी त्या ड्रायव्हरांचाच विचार करत होतो रे. अंधार, पाऊस, समोर रस्ता आहे असंच वाटत असणार. आहे म्हणून गेले. त्यांची काही चूक नव्हती."

त्यांचा आवाज कापला नाही. कप मात्र त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. मुलगा मागून येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. हे त्यानेही बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं.

मी पुलाच्या मजबुतीबद्दल एक शब्दही बोललो नाही. माझ्या धंद्यात घाई करायची कारणं रोज मिळतात, पण तेव्हा मला एकही आठवेना.

चाळीस मिनिटं गेली. सर ओसरली. पलीकडच्या काठावर दोन दिवे दिसले, हळूहळू मोठे होत आले, आणि दुधाचा एक टँकर आमच्या शेजारून गेला.

"टँकर भरलेला होता का?" काकांनी विचारलं.

"टायर दबलेले दिसले. भरलेला असेल."

"मग चल."

पूल ओलांडताना त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि शेवटपर्यंत तशीच ठेवली. पाऊस आत येत होता. मुक्कामाला पोचल्यावर मी केबल जोडायला उतरलो, तर काका आधीच बॅटरी धरून खांबापाशी उभे होते.