फ्लू गेला पण छातीतलं दुखणं राहिलं

आमचा धाकटा २६ वर्षांचा, रोज पहाटे नागपूरच्या अंबाझरी तलावावर धावणारा, जानेवारीत चार दिवस ताप खोकला झाला आणि बरा झाला असं आम्हीच ठरवून टाकलं. दहाव्या दिवशी परत धावायला गेला, तिथंच छातीत दुखायला लागलं, दम लागला, धडधड थांबेचना. आई म्हणे ॲसिडिटी असेल, थंड दूध पिऊन घे बाप्पा. मी ऐकलं नाही, गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं, ते बरंच केलं.

ईसीजीत बदल, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) वाढलेलं, इकोत म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत पंपिंग, दर ठोक्याला हृदय बाहेर ढकलतं ते रक्त, ४५ टक्के, जे ५५ च्या आसपास तरी पाहिजे. मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूलाच सूज. व्हायरसमुळे किंवा त्याच्याशी लढताना आपलीच प्रतिकारशक्ती स्नायूला इजा करते, म्हणून ताप उतरल्यावरही हे होऊ शकतं. बहुतेकांना होत नाही, पण झालं तर पळणं धोक्याचं, ठोके बिघडू शकतात.

आता ३ ते ६ महिने धावणं बंद, तपासण्या नीट आल्यावरच परवानगी. बूट दारातच ठेवलेत, तो रोज बघतो त्यांच्याकडे, मला बघवत नाही. तापानंतर छाती दुखली, चक्कर आली, पाय सुजले तर घरी बसू नका हो.